माइंडॲप्स डॉट ऑर्ग: मनाच्या आजारावरचं ॲप निवडायच्या आधी ही साइट बघा, पण अशी बघा

पुण्यात नव्या पेठेत माझी अभ्यासिका आहे, ७२ खुर्च्या, चोवीस तास चालू. राज्यसेवा, कंबाईन, सरळसेवा, बँकिंग सगळ्या परीक्षांची पोरंपोरी असतात, बहुतेक मराठवाडा विदर्भातली, कॉट बेसिसवर राहायचं, मेसचा डबा खायचा आणि परत खुर्चीत येऊन बसायचं असं तीन तीन चार चार वर्षं चाललेलं असतं. मी डॉक्टर नाही, काउन्सेलर पण नाही. पण बारा वर्षं ही पोरं समोर बघतोय त्यामुळे कुणाचं बिनसलंय ते लांबून कळायला लागलंय, डबा न उघडता तसाच परत जातो, पहाटे चारला दिवा चालू असतो आणि पुस्तक मात्र रात्री दहाला होतं त्याच पानावर असतं.

जानेवारीत एक मुलगा आला, परभणीकडचा, म्हणाला काका हे ॲप बघा, मन मोकळं करायचं ॲप आहे, मला फार आधार वाटतो याचा, आपल्या नोटीस बोर्डावर याचा क्यूआर कोड लावा ना म्हणजे बाकीच्यांना पण कळेल. ॲप दिसायला छान होतं. चॅटबॉट होता, मूडची डायरी होती, श्वासाचे व्यायाम होते, प्ले स्टोअरवर ४.७ स्टार. मी लावणारच होतो, टाचणी पण हातात घेतली होती. मग वाटलं थांब. आमच्या बोर्डावर काय लागतं, मेसचे दर, फॉर्म भरायच्या शेवटच्या तारखा, हॉल तिकीट आल्याची नोटीस. आणि पोरं ते डोळे झाकून खरं मानतात, काकांनी लावलंय म्हणजे काकांनी बघितलंय. मेसचा कागद लावायच्या आधी मी स्वतः तिथे दोन वेळा जेवून येतो. हे तर मनाचं आहे, यातलं मी काय बघितलं होतं? काहीच नाही.

आधी सगळे करतात तेच केलं, प्ले स्टोअरवरचे रिव्ह्यू वाचत बसलो. "नाइस ॲप", "ॲड्स खूप येतात", "डार्क मोड द्या". दीडदोनशे वाचले असतील आणि कामाचं हाती काही लागलं नाही. ज्याला बरं वाटलं तो स्टार देतो, ज्याला नाही वाटलं तो ॲप काढून टाकतो आणि गप्प बसतो, आणि ज्याची तब्येत जास्तच बिघडली तो रिव्ह्यू लिहायच्या अवस्थेत तरी कुठे असणार. डाउनलोडच्या आकड्याचं पण तसंच. २०१९ मध्ये संशोधकांनी मानसिक आरोग्याची ९३ ॲप तपासली होती, त्यात ३० दिवसांनी पण ॲप उघडणारे लोक साधारण ३.३ टक्केच निघाले. म्हणजे लाखभर लोकांनी घेतलं असं जिथे लिहिलेलं असतं तिथे महिन्याने किती जण उरत असतील याचा अंदाज करा.

माझी भाची विद्यापीठात सायकॉलॉजीत एमए करतेय. तिला फोन केला तर म्हणाली मामा, माइंडॲप्स बघ.

तर ही साइट आहे बोस्टनची. बेथ इस्रायल डीकॉनेस मेडिकल सेंटर म्हणून हार्वर्डशी जोडलेलं हॉस्पिटल आहे तिथला डिजिटल सायकियाट्रीचा विभाग ती चालवतो, जॉन टोरस नावाचे मानसोपचारतज्ज्ञ त्याचे प्रमुख आहेत. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने ॲप कसं पारखायचं याची एक चौकट केली होती, तिच्यातूनच २०२० मध्ये ही यादी उभी राहिली. फुकट आहे, लॉगिन नाही, कुठलं ॲप विकायचा आग्रह नाही. शेकडो ॲप आहेत आणि प्रत्येकाला १०५ प्रश्न लावलेत. कोणी बनवलं, डॉक्टरांचा हात आहे का, नेट नसताना चालतं का, कुठली माहिती घेतं, ती फोनमध्येच राहते की कंपनीच्या सर्व्हरवर जाते, पुसता येते का, दुसऱ्यांना देतात का, अभ्यास झालेत का आणि किती, अपाय होऊ शकतो का, वापरायच्या आधी काही इशारा देतं का, जिवावर बेतलं तर मदतीची सोय आहे का. प्रायव्हसी पॉलिसीची भाषा कितवीच्या मुलाला कळेल एवढी सोपी आहे हे पण बघतात, हे मला फारच आवडलं. शिकवून तयार केलेली माणसं ही उत्तरं भरतात, एका ॲपला दोन जण, आणि दर सहा महिन्यांनी परत तपासायचं असं त्यांचं धोरण आहे.

साइटवर एकूण मार्क मात्र नाहीत. स्टार नाही, नंबर एक नंबर दोन नाही, मंजूर असा शिक्का नाही. पहिल्या दिवशी मी यावर वैतागलो, म्हटलं एवढं सगळं तपासलं तर शेवटी चांगलं कुठलं ते सांगून टाका की. पण आमच्याच पोरांची तोंडं डोळ्यासमोर आणल्यावर पटलं. एकाचा डेटा पॅक दिवसाला दीड जीबी, तो सगळा लेक्चरमध्ये जातो, त्याला ऑफलाइन चालणारं पाहिजे. एका मुलीचा फोन भाऊ पण वापरतो, तिने लिहिलेलं दुसऱ्याला दिसायला नको ही तिची पहिली गरज. एकाच्या गोळ्या चालू आहेत, त्याला डायरी डॉक्टरला पाठवता आली तर उपयोग. या तिघांना एकच ॲप एक नंबर कसं असेल? साइटवर खुणा करायच्या, फुकट पाहिजे, ऑफलाइन पाहिजे, माहिती पुसता आली पाहिजे, बाहेर दिलेली नको, अभ्यास झालेला पाहिजे. एकेक खूण केली की यादी आटत जाते. पाचवी खूण केल्यावर समोर उरलेली यादी बघून मी खरंच थोडा वेळ काही न करता बसलो, कारण मला वाटत होतं की या पाच गोष्टी म्हणजे अगदी किमान अपेक्षा आहेत.

आता आमच्या मुलाचं ते ॲप. साइटवर नव्हतंच. ही साइटची सगळ्यात मोठी अडचण, आपल्या बाजारात फिरणारं सगळं तिथे सापडेल असं धरून चालू नका. मग भाची म्हणाली ॲप नसलं तरी प्रश्न तर आहेत ना, तेच घेऊन बस. त्यातले आपल्या कामाचे वीसेक प्रश्न मी वहीत मराठीत उतरवले, आणि एका रात्री साडेअकराला तो मुलगा आणि मी काउंटरमागे फोन घेऊन बसलो. पुढचं जे लिहितोय ते त्याला विचारून लिहितोय, ॲपचं नाव मुद्दाम देत नाही.

प्रायव्हसी पॉलिसी वाचायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली आणि तो मुलगा इंग्रजीत चांगला आहे. मधे कुठेतरी एक ओळ होती की माहिती "जाहिरात भागीदारांसह" इतर भागीदारांना दिली जाऊ शकते. खातं बंद करायला बटण नाही, ईमेल पाठवायचा. बनवणाऱ्यांमध्ये डॉक्टर किंवा सायकॉलॉजिस्ट कोण ते शोधलं, तर "तज्ज्ञांच्या मदतीने" एवढंच, नाव एकही नाही. अगदी खाली बारीक अक्षरात, हे वेलनेससाठी आहे, उपचार नाही. आणि वर प्ले स्टोअरच्या पानावर मोठ्या अक्षरात डिप्रेशनवर मात करा.

मग तो मदतीच्या सोयीचा प्रश्न आला. मी म्हटलं टाइप करून बघू. मी देवनागरीत लिहिलं, मला जगावंसं वाटत नाही. उत्तर आलं, सांगितल्याबद्दल धन्यवाद, चला एक श्वासाचा व्यायाम करूया. मग पोरं टाइप करतात तसं रोमन लिपीत मराठी लिहिलं, त्याला काही कळलंच नाही, आजचा मूड निवडा म्हणालं. मग इंग्रजीत लिहिलं तेव्हा कुठे ओळखलं आणि नंबर दिला ९८८. तो अमेरिकेचा नंबर आहे. आपल्या सिमवरून त्याचा काय उपयोग.

तो मुलगा बराच वेळ स्क्रीनकडेच बघत होता. मग हळू म्हणाला, काका मी हे खरंच टाइप केलं होतं, डिसेंबरमध्ये, मराठीतच.

मी वही बंद केली. त्या रात्री आम्ही १४४१६ लावला, म्हणजे टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन. फोन त्याच्याकडे दिला आणि मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो, दार उघडं ठेवून. पंचवीस मिनिटं तो बोलत होता, मराठीत बोलत होता, मला शब्द ऐकू येत नव्हते पण तो बोलतोय एवढं कळत होतं आणि तेवढंच मला पाहिजे होतं. दुसऱ्या आठवड्यात मी त्याच्याबरोबर मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो, आता गोळ्या चालू आहेत, घरी पण सांगितलंय, झोप लागते म्हणतो. आता लिहितानासुद्धा हात थांबतोय की ती टाचणी मी त्या दिवशी लावली असती तर त्याच्यासारखा दुसरा कोणीतरी रात्री तिथेच लिहीत बसला असता आणि त्याला श्वासाचा व्यायाम मिळाला असता.

म्हणून माझं कळकळीचं म्हणणं आहे की दुसरं काही तपासायला वेळ नसेल तरी हे एक तपासा. तुमच्या पोराच्या, बायकोच्या, भावाच्या फोनमध्ये असं ॲप असेल तर ते वाक्य त्यात मराठीत टाइप करून बघा, त्यांना सांगून करा, आणि काय उत्तर येतं ते बघा.

माहिती बाहेर जायची भीती मी वाढवून सांगतोय असं वाटेल, पण २०१९ मध्ये डिप्रेशन आणि सिगारेट सोडायच्या ३६ ॲपचा अभ्यास झाला होता, त्यातली २९ फेसबुक किंवा गूगलच्या सेवांकडे माहिती पाठवत होती आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी पॉलिसीत ते धड सांगितलेलं नव्हतं. २०२२ मध्ये फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने मानसिक आरोग्याची आणि प्रार्थनेची ३२ ॲप बघितली आणि २८ वर सावधानतेचा शेरा मारला. बेटरहेल्प तर ऑनलाइन समुपदेशनाची केवढी मोठी सेवा, लोकांनी भरलेली मनाच्या तब्येतीची प्रश्नावली आणि ईमेल जाहिरातीसाठी फेसबुक, स्नॅपचॅट वगैरेंना पुरवल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये त्यांना ७८ लाख डॉलर द्यायला लावले. आमच्या पोरांना तर उद्या सरकारी नोकरीत मेडिकल, कागदपत्रं, चौकशी सगळं असतं, ती आधीच घाबरलेली असतात की कुठे नोंद होईल म्हणून. त्यांनी रात्री दोनला लिहिलेलं कुठे जातं हे त्यांना आधी कळायला नको का?

बाहेरच्या देशांत सरकारच हे काम अंगावर घेतं. जर्मनीत डिसेंबर २०१९ मध्ये आरोग्याच्या ॲपसाठी कायदा झाला, ऑक्टोबर २०२० मध्ये पहिली दोन ॲप त्यांच्या यादीत आली, त्यातलं एक अँग्झायटीसाठीचं होतं. डॉक्टर चिठ्ठीवर ॲप लिहून देतो आणि पैसे विमा भरतो. बॉनमधली औषधं आणि वैद्यकीय उपकरणांची सरकारी संस्था तीन महिन्यांत तपासून निर्णय देते, पुरावा अपुरा असेल तर तात्पुरतं वर्षभर घेतात आणि तेवढ्यात अभ्यास करून फायदा दाखवला नाही तर यादीतून बाहेर काढू शकतात. ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०२० मध्ये डिजिटल मानसिक आरोग्य सेवांसाठी राष्ट्रीय मानकं काढली. ब्रिटनमध्ये एनएचएसची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची, ॲप लायब्ररी होती, ती २०२१ च्या शेवटी बंद केली. म्हणजे यादी केली आणि झालं असं नाही, ती सांभाळायला माणसं आणि पैसा रोज लागतो. ॲप पण कायमची नसतात, वोबॉट हा मनाच्या आधाराचा चॅटबॉट केवढा नावाजलेला, त्यांनी ३० जून २०२५ ला ॲप बंदच केलं. म्हणून माइंडॲप्सवर सुद्धा प्रत्येक ॲपची माहिती शेवटची कधी तपासली ती तारीख आधी बघायची सवय लावा.

आपल्याकडे अशी एखादी सरकारी यादी मला पाहिजे होती, बोर्डावर लावून मोकळा झालो असतो. पण काहीच नियम नाहीत असं पण नाही, आणि हे मला या निमित्ताने कळलं. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन, व्हिडिओवरून उपचारांची, मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात स्वच्छ लिहिलंय की कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या प्लॅटफॉर्मने पेशंटला समुपदेशन करायचं नाही आणि औषध लिहून द्यायचं नाही, ते काम नोंदणीकृत डॉक्टरचं. आणि डॉक्टरशी बोलायला देणाऱ्या प्लॅटफॉर्मने डॉक्टरचं नाव, शिक्षण, नोंदणी क्रमांक दाखवायचा. म्हणून ॲपमध्ये "आमचे तज्ज्ञ" असं दिसलं की क्रमांक मागा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी असते, डॉक्टर असेल तर मेडिकल कौन्सिलची. खरा माणूस क्रमांक लगेच देतो, त्याला राग येत नाही.

मोठे शब्द नीट वाचायला पण शिका. उदाहरण म्हणून वायसा हे मनाच्या आधाराचं चॅटबॉट ॲप घ्या, बंगळुरूत सुरू झालेली कंपनी, आपल्या लोकांनी बनवलेलं, त्यांच्यावर अभ्यास पण झालेत आणि मला त्याचा अभिमान वाटतो. त्यांना २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेने, ब्रेकथ्रू डिव्हाइस असा दर्जा दिला. पोरं मला म्हणतात काका ते एफडीए ॲप्रूव्हड आहे. तसं नाहीये ते. ब्रेकथ्रू दर्जा म्हणजे तपासणीच्या वाटेवर एफडीए तुमच्याशी जवळून बोलणार आणि प्राधान्य देणार, मंजुरी ही वेगळी पायरी आहे. प्रिलिम निघाली म्हणजे पोस्ट मिळाली असं आपण म्हणतो का, तसंच हे.

"अभ्यास झालाय" या शब्दाचं पण भाचीने मला नीट समजावलं. कोणी केला, कंपनीनेच का. किती लोक होते, किती आठवडे. आणि कशाशी तुलना केली, ॲप वापरणारे एकीकडे आणि काहीच न मिळालेले दुसरीकडे अशी तुलना केली तर ॲपवाले बरे दिसणारच कारण नुसतं कोणीतरी विचारतंय याने पण माणसाला बरं वाटतं. माइंडॲप्सवर किती अभ्यास ते कळतं, पण तो अभ्यास कसा होता ते तुम्हालाच उघडून बघायला लागतं.

साइटच्या आणखी उणिवा. सगळी इंग्रजीत आहे. भाषेचा प्रश्न आहे पण तो स्पॅनिशचा, ॲप स्पॅनिशमध्ये चालतं का, त्यांच्याकडे ती गरज आहे म्हणून. कायद्याचा प्रश्न आहे तो पण तिकडच्या पेशंटची माहिती जपायच्या हिपा कायद्याचा, आपला डिजिटल डेटाचा कायदा २०२३ चा, त्याचं तिथे काही नाही. आपल्यासाठी १०५ मध्ये चारपाच प्रश्न वाढवायला पाहिजेत, मराठी कळतं का, रोमन लिपीतली मराठी कळते का, भारताचा नंबर देतं का, नोंदणी क्रमांक दाखवतं का. हे होण्यासारखं आहे. या बोस्टनच्या टीमचं भारतात काम आहेच, त्यांचं माइंडलॅम्प नावाचं ॲप स्किझोफ्रेनियाच्या पेशंटसाठी भोपाळ आणि बंगळुरूत वापरून अभ्यास झालाय, भोपाळला गोव्यातून सुरू झालेली संगाथ संस्था त्यात होती. गोव्यात सुरू झालेली संस्था त्या कामात होती तर कोकणी मराठीचा प्रश्न त्या यादीत जाणं एवढं अवघड नसावं, मी साइटवर तसं लिहून पाठवलंय.

तर वापरा का? हो, नक्की वापरा. फक्त तयार उत्तर मिळेल म्हणून जाऊ नका, मी ती साइट आता प्रश्नपत्रिका म्हणून वापरतो. कुठलंही नवीन ॲप कोणी आणलं की वही काढतो, तासभर जातो, आणि तो तास मला अजिबात वाया गेल्यासारखा वाटत नाही. शिक्षक, हॉस्टेलचे रेक्टर, कंपनीतले एचआरवाले, ज्यांच्या सांगण्यावरून दुसरा माणूस ॲप घेणार आहे अशा प्रत्येकाने हे करावं असं मला मनापासून वाटतं.

आमच्या बोर्डावर सध्या ॲप एकच आहे, झोपेचं आणि श्वासाच्या व्यायामाचं, ते नेटशिवाय चालतं आणि काही लिहून घेतच नाही. त्याच्या वर मोठ्या अक्षरात १४४१६, टेलिमानस, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. शेजारी पीएचक्यू-९ चे, म्हणजे डिप्रेशनची लक्षणं विचारणारे, नऊ प्रश्न मराठीत, खाली सूचना की हे निदान नाही आणि नवव्या, मरणाच्या विचारांच्या, प्रश्नाला शून्य सोडून काहीही आलं तर एकट्याने बसायचं नाही, वरच्या नंबरला फोन करायचा नाहीतर मला उठवायचं, रात्री कितीही वाजले असले तरी. ॲपच्या कागदावर तपासल्याची तारीख पेनाने टाकलीय. सहा महिने सप्टेंबरमध्ये होतात, तेव्हा तो कागद काढून परत वहीवर घ्यायचाय, आणि ते काम या वेळी तो परभणीचा मुलगा करणार आहे, त्यानेच मागून घेतलंय.